शिवणीतली माया

देवपूजेला बसताना अंगावर शिवलेले वस्त्र असू नये, हा आमच्या घरचा दंडक आजेसासूबाईंच्या काळापासून चालत आलेला होता आणि रायपुरास समता कॉलोनीत स्वतःचे घर झाल्यावरही सासूबाईंनी तो तसूभर ढिला होऊ दिला नाही. पौषातल्या पहाटे, जेव्हा या गावात बोलताना तोंडातून वाफ निघते आणि गरम पाण्याच्या बंबाजवळून हलू नयेसे वाटते, तेव्हाही त्या स्नान करून कोशाचा जुना मुकटा नेसत, चोळी खुंटीवर तशीच राहू देत, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून देवघरात जात. नवी सून असताना मी त्यांना एकदा विचारले होते की, आई, नेसलेले चालते तर शिवलेले का चालत नाही? त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, सुईत ओवताना दोरा ओठानं ओला करतात, तो उष्टा दोरा देवापुढं कसा न्यायचा?" उत्तर सोपे होते आणि त्या वेळी मला पुरलेही. परंतु साठी उलटल्यावर मी स्वतः सुईत दोरा ओवू लागले, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला, आणि या खेपेस एवढ्या उत्तराने माझे समाधान होईना.

शिवण शिकण्यामागे मोठे प्रयोजन काही नव्हते. चाळीस वर्षे संसार केला. त्या चाळीस वर्षांत पंडरीच्या कापडबाजारातून कापड आणले, शिंप्याकडे टाकले, आणि जसे शिवून आले तसे घातले. लग्नकार्यात बरोबरीच्या बायका जे घेत ते घेतले आणि चारचौघींत वेगळे दिसू नये एवढीच काळजी वाहिली. जबाबदाऱ्या उतरल्या, हात थोडे रिकामे झाले, तेव्हा असे वाटू लागले की, ज्या देहाने एवढे कष्ट विनातक्रार उपसले त्याच्यासाठी एक तरी वस्त्र, त्याचे माप विचारून, आपल्या हाताने करावे. या इच्छेची मला प्रथम थोडी लाजही वाटली, कारण देहाचे कौतुक करणे म्हणजे परमार्थाकडे पाठ फिरवणे अशीच शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेली होती. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, आपल्याला शोभेल, आपल्या अंगाला बसेल, ऋतूला साजेल असे वस्त्र मनापासून इच्छिणे, ही आसक्ती समजावी की तिला काही निराळे नाव आहे?

आमची वस्ती जी. ई. रोडच्या बाजूची, आणि शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्यामुळे मराठी कधी कानाआड झाली नाही. तशी ती या गावाला नवीनही नाही. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्यामागे सुभेदार आले, परगण्या-परगण्यांतून कमाविसदार बसले, मोडीतले दप्तर आले, आणि त्या दप्तराबरोबर जी घरे इकडे मुक्कामाला येऊन इथलीच झाली त्यांनी आपली नेसण्याची, सोवळ्याओवळ्याची रीतही बरोबर आणली. विशेष असे की, सोवळ्याला जो मुकटा लागे त्याचे सूत याच मुलखातल्या रानात तयार होत असे. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्याचा कोसा, चांपा-कोरब्याकडच्या देवांगन विणकरांच्या मागावरून उतरून, थेट आमच्या देवघरात येऊन बसला. परक्या मुलखात आलेल्या माणसांना देवापुढे बसायला लागणारे वस्त्र त्या मुलखानेच द्यावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

कॉलोनीतल्याच एका बाई आपल्या घरी शिवणकाम शिकवतात. त्यांना सगळ्याजणी दीदी म्हणतात. आम्ही पाचजणी शिकायला जात होतो. एक अगरवालांकडची, एक सिंधी, दोन छत्तीसगढी आणि एक मी. पहिले पंधरा दिवस कापडाला कात्री लावू दिली नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर आखायचे, कागदच कापायचा, आणि त्याआधी एकमेकींची मापे घ्यायची. माप देताना पोट आत ओढायचे नाही, खांदे ताणायचे नाहीत, श्वास सोडून नेहमीसारखे उभे राहायचे, असा त्यांचा पहिलाच नियम. तो ऐकायला किती सोपा आणि पाळायला किती कठीण आहे, हे ज्याने पाळून पाहिला असेल त्यालाच कळेल. टेप कमरेभोवती आली की कोणी न सांगता आपण श्वास धरून ठेवतो. आपण आहोत त्याहून थोडे निराळे नोंदले जावे, ही ओढ इतकी खोल आहे की ती बुद्धीच्या आधी स्नायूंना कळते. जो आकडा येईल तो वहीत उतरायचा. त्यातून अर्धा इंच कमी करून लिहिण्याची मुभा नव्हती, आणि आता वयच झाले म्हणून दोन इंच सैल लिहिण्याचीही नव्हती. छाती, कंबर, पाठीची रुंदी, खांदा, मुंढा, बाहीचा घेर असे एकेक माप मी श्वास सोडून दिले, आणि माझ्या ध्यानात आले की आयुष्यात प्रथमच मी माझ्या देहाकडे मानही नको आणि अपमानही नको अशा दृष्टीने पाहते आहे. गीतेत समबुद्धीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत निंदा आणि स्तुती सारखी मानणे हे एक आहे. ते पारायणाच्या वेळी माझ्या जिभेवर अनेकदा येऊन गेले होते, परंतु अंगात शिरले ते त्या दुपारी, एका फितीच्या स्पर्शाने.

पाचजणींची मापे पाच तऱ्हेची आली. एकीचा उजवा खांदा डाव्याहून पाऊण इंच उतरता निघाला. डोक्यावरून आणि खांद्यावरून ओझे वाहण्यात तिचे बालपण गेले होते. दीदींनी तो उतार तसाच आखायला सांगितला, दोन्ही खांदे सारखे करू दिले नाहीत. प्रत्येकीच्या मापाला वहीत एकेक पान मिळाले, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. ज्या वस्तीचे नावच समता आहे तिथे इतकी वर्षे राहून त्या शब्दाचा अर्थ मी सगळ्यांना एकच माप असा काहीसा धरून चालले होते.

मग कापड हाती आले. मेंदी रंगाची एक मीटर रुबिया मी घडी घालून पसरली, खडूने आखले आणि आखलेल्या रेघेवरूनच नेमकी कात्री चालवली. दीदी हिंदीत सारखे सांगत होत्या, "दबाव छोडो, दबाव छोडो," आणि तो शब्द माझ्या कानाला नवा असल्यामुळे मी समजले की त्या मला कात्रीवर जोर देऊ नको म्हणताहेत. मी हात हलका केला आणि कापत राहिले. दोन दिवस धावदोरा घातला, टिपा मारल्या, हुकांच्या पट्ट्या लावल्या, आणि चोळी घालून पाहिली तेव्हा त्या दोन पट्ट्यांमध्ये चार बोटांचे अंतर उरले. दीदींनी चोळी उलटी केली, शिवणीच्या आत बोट घालून दाखवले की इथे काहीच नाही, उसवून सैल करायला काही राहिलेलेच नाही. त्यांचा दबाव म्हणजे काय ते मला तेव्हा कळले, आणि त्या क्षणी माझ्या आईचा शब्द मला आठवला. माझ्या धाकट्या भावाची झबली बेतताना ती मला म्हणे, "माया ठेव गं, पोर वाढणार आहे."

शिवणकामातले आपले शब्द नाना ठिकाणांहून आले आहेत. अस्तर, उरेब, पोशाख हे फारसीतून, दरबारी कपड्यांबरोबर आले. काज हा पोर्तुगिजांकडून आला. परंतु शिवणीच्या आत, बाहेरून कोणाला न दिसता, राखून ठेवलेल्या दोन बोटे कापडाला मराठी बाईने माया हा शब्द दिला, ज्या शब्दाभोवती वेदान्ताचे ग्रंथ रचले गेले. शांकर मतात माया म्हणजे नसलेले भासवणारी आणि असलेले झाकणारी शक्ती. संसाराच्या बोलीत माया म्हणजे जीव लावणे. साठवलेल्या धनालाही आपण माया म्हणतो. हे सगळे अर्थ एकाच शब्दात एकत्र नांदतात ते काही केवळ भाषेच्या अपघाताने नांदत असतील, असे मला वाटत नाही. चौघांतही आजच्या नेमक्या मापापलीकडचे असे काहीतरी आहे. ज्ञानी म्हणतो की ते पलीकडचे खोटे आहे, त्यात गुंतू नकोस. आई म्हणते की ते पलीकडचे राखून ठेव, कारण देह आहे तसा राहणार नाही. देह अनित्य आहे हे दोघेही जाणतात. त्या जाणिवेतून एकाने वैराग्य काढले आणि दुसरीने दोन बोटे कापड जास्त ठेवले, आणि दुसरीने काढलेला अर्थ पहिल्याहून उणा आहे असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

ज्ञानदेवांनी अमृतानुभवात अज्ञानाच्या कल्पनेचे खंडन केले आणि दिसणाऱ्या जगाला भ्रम म्हणून झिडकारण्याऐवजी ते चैतन्याचाच विलास म्हणून पाहिले, हे मराठी मनाला इतके जवळचे का वाटले असावे, याचे एक उत्तर मला या शब्दात सापडते. तंतू आणि पट यांचे नाते हा तर आपल्या दर्शनांचा जुनाच वाद आहे. नैयायिक म्हणतात, धाग्यांतून पट हे एक नवे द्रव्य उत्पन्न होते. सांख्य म्हणतात, ते कारणात आधीपासूनच होते. शंकराचार्य दाखवून देतात की विशिष्ट रचनेत आलेल्या धाग्यांखेरीज पट म्हणून निराळे काही हाती लागत नाही. हा वाद बहुधा कापडापाशी येऊन थांबतो. परंतु कापडापासून चोळीपर्यंत येताना काय घडते? नवा धागा असा टिपेपुरताच लागतो; उलट कात्रीने कापड कमीच होते, चिंध्या टोपलीत जातात. जे नव्याने येते ते एका विशिष्ट देहाचे माप. कापड हे कापड असते, चोळी मात्र कोणाची तरी असते. आणि हे 'कोणाची तरी' असणे द्रव्यात मोजायचे की गुणात, याचा निवाडा मी पंडितांवर सोपवते, पण ते शून्य आहे असे मात्र मला म्हणता येणार नाही.

इथे सासूबाईंचा मुकटा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. न शिवलेले वस्त्र कोणा एकाचे नसते. नऊवार पातळ आई नेसते, मुलगी नेसते, आजारातून उठून निम्मी झालेली बाईही नेसते, आणि ते प्रत्येकीला पुरते. देवापुढे जाताना मापाचे वस्त्र उतरवायचे याचा अर्थ, मी अमकी, एवढी, अशी, हे सगळे दाराबाहेर ठेवायचे. हजला जाणारे मुसलमान पुरुषही दोन बिनशिवणीच्या पांढऱ्या चादरीच अंगावर घेतात, मग तो नबाब असो की हमाल. आणि दिगंबर मुनींनी तर वस्त्राची सीमारेषाच पुसून टाकली. उष्ट्या दोऱ्याची गोष्ट ही त्या मोठ्या विचाराची घरगुती खूण असली पाहिजे, आणि त्या विचारापुढे मी आजही नम्र आहे. सकाळची पूजा मी सोवळ्यातच करते.

परंतु भक्त स्वतःचे माप टाकून आत जातो आणि आत गेल्यावर देवाचे माप घेऊ लागतो, हे त्याच देवघरात घडते. पंढरपुरास विठ्ठलाला अंगी घालतात, आणि अंगी म्हणजे शिवलेलेच वस्त्र. कार्तिकी यात्रेनंतर थंडी पडली की देवाला उबदार वस्त्रे येतात, कानांना गारठा लागू नये म्हणून कानपट्टी बांधली जाते. चैत्र लागला की मृगापर्यंत चंदनाची उटी. आमच्या पूर्वेला पुरीच्या जगन्नाथाला मार्गशीर्षातल्या ओढण षष्ठीपासून वसंत पंचमीपर्यंत थंडीचा वेश असतो. जे निर्गुण त्याला माप नाही, म्हणून त्याच्यापुढे बिनशिवणीचे. आणि तेच जेव्हा आपल्या मायेखातर सगुण होते तेव्हा त्याला कान असतात, आणि कान असले म्हणजे थंडीही वाजते. ज्ञानदेवांच्या समकालीन नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते, आणि शीख पंथाच्या ग्रंथसाहिबात त्यांची जी एकसष्ट पदे आहेत त्यांतल्या एकात त्यांनी गज आणि कात्री ही आपल्या धंद्याची हत्यारेच भजनाच्या कामी लावली आहेत. ज्या हातांना दुसऱ्याचे माप घेण्याची सवय असते त्यांना सगुण भक्ती शिकवावी लागत नसेल.

रायपुराच्या पुरानी बस्तीत महामायेचे देऊळ आहे. ही कलचुरींची देवी. नवरात्रात आम्ही तिची ओटी भरतो, आणि ओटीत जो खण घालतो तो न शिवलेला असतो. लहानपणापासून मी तो घालीत आले, पण त्यातला संकेत आता कळतो: देणारीने घेणारीचे माप गृहीत धरायचे नाही. खण द्यायचा, आणि तो कसा बेतायचा ते जिचे अंग तिच्यावर सोपवायचे.

ऋतूंचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. शीत आणि उष्ण ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, आणि त्यावरून कित्येकांची अशी समजूत होते की थंडीत शाल घेणारा आणि उन्हात सुती घालणारा मनुष्य साधनेत कच्चा. चरकाचे मत मला अधिक पटते. त्याने ऋतुचर्या सांगताना हेमंतात कातडी, कौशेय आणि घोंगड्या अंथरायला आणि जाड, उबदार वस्त्रे घालायला सांगितले आहे, आणि दिनचर्येत स्वच्छ वस्त्र धारण करण्याने यश, आयुष्य आणि प्रसन्नता येते, अलक्ष्मी दूर होते, असे म्हटले आहे. तो वैद्य होता, आणि देहाची हेळसांड ही तपश्चर्या नव्हे हे त्याला रोज दिसत असणार. आमच्या या गावात नवतप्याच्या नऊ दिवसांत पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. त्या दिवसांत मी विरळ विणीचे, फिक्या रंगाचे, बगलेत मोकळे असे सुती शिवते. पावसाळ्यात लवकर वाळेल असे. आणि मार्गशीर्षात जाड कोसा बाहेर काढते. लोकरीचे कपडे कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवताना आणि पुन्हा काढताना मनात येते की, ऋतूप्रमाणे वस्त्र बदलणारा कोणत्याच वस्त्राला चिकटून राहत नाही. वर्षातून तीनदा तो सोडण्याचा अभ्यास करतो.

शैली हा शब्द शील या शब्दापासून बनला आहे. कोणाचे वागणे, बोलणे, नेसणे हे दीर्घ सवयीने त्याच्या स्वभावाशी एकजीव झाले म्हणजे ती त्याची शैली. तेव्हा स्वतःची शैली शोधणे म्हणजे आरशापुढे अधिक वेळ उभे राहणे असे समजण्याचे कारण नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्म आणि परधर्म यांची जी तुलना आहे तिच्यात एक बारकावा आहे: आपला धर्म तिथे विगुण, म्हणजे उणिवांचा, मानला आहे आणि दुसऱ्याचा नीट आचरलेला मानला आहे, आणि तरीही आपलाच बरा ठरवला आहे. माझी दुसरी चोळी, जिच्यात मी माया ठेवली, पण एक बाही किंचित उलटी बसली आणि गळ्याची उरेब पट्टी एका ठिकाणी चुणली, ती मी जेव्हा घातली, तेव्हा त्या विगुण शब्दाचा अर्थ माझ्या खांद्यांना कळला. दुकानात एस, एम, एल अशा तीन-चार मापांत जगातल्या सगळ्या बायका बसवलेल्या असतात. टीप सरळ असते, ओव्हरलॉक घट्ट असते, आणि शिवणीच्या कडेला कापड इतके काठोकाठ छाटलेले असते की सैल करायला पाव इंचही मिळू नये. त्या कपड्याचा दोष एवढाच की तो कोणासाठी केलेला नसतो.

पौषात दोन दिवसांसाठी नागपूरला जाऊन आले. महालात माझी मावशी असते, नव्वदीला आलेली. तिला भेटायचे होते आणि थोडे शहरही पाहायचे होते. पिशवीत मी स्वतः शिवलेले दोन झंपर, एक कोशाची साडी आणि एक शाल घेतली, आणि घरातून निघताना बरोबर काय न्यावे याचा जो घोळ एरवी होतो तो या वेळी झाला नाही, कारण प्रत्येक वस्त्र कशासाठी आणि कोणत्या हवेसाठी केले आहे हे मला ठाऊक होते. १८७७ साली बालवयातले विवेकानंद वडिलांकडे रायपुरास आले तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती आणि पुढचा मार्ग बैलगाडीने पंधरा दिवसांहून अधिक चालला होता. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आज सकाळी गाडीत बसले की दुपारी नागपूर येते.

राजनांदगाव गेले, डोंगरगडची बमलाईची टेकडी मागे पडली. कापणी होऊन गेलेली भातखाचरे दोन्ही बाजूंना पसरली होती, आणि बांधांच्या रेघा कोवळ्या उन्हात स्पष्ट उठून दिसत होत्या. विनयपिटकात एक कथा आहे. तथागत दक्षिणागिरीकडे चालले असता मगधातली अशीच खाचरे, लांब, आडवी, बांधांनी जोडलेली, त्यांच्या दृष्टीस पडली, आणि भिक्षूंसाठी अशा रचनेचे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे कापून, शेताच्या बांधांसारख्या शिवणी घालून, चीवर बनवले. ते पाहून बुद्धांनी त्याच्या कौशल्याची सर्वांसमक्ष प्रशंसा केली. सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसांनाही कापणे, जोडणे आणि बेत आखणे सुटले नाही, आणि त्या बेताचा नमुना त्यांनी पिकाच्या शेतावरून घेतला, ज्यावर सगळे जगतात. आमच्या सिरपूरला महानदीकाठी विटांचे जुने विहार आहेत. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या खांद्यांवरही हीच खाचरे असतील, आणि विहाराबाहेर पाऊल टाकले की समोर तीच.

नागपुरात पहिल्या दिवशी दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते पांढऱ्या वस्त्रांत होते आणि समोरचा लाखोंचा समुदायही पांढरा होता. मला तिथे उभे राहून त्याआधीची एकोणतीस वर्षे आठवली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले त्यात लुगडे कसे नेसावे याबद्दल सांगितले होते: जातीची खूण म्हणून लादलेले आखूड नेसणे सोडा, अंगभर नेसा, गळ्या-हातांतले जड दागिने उतरवा, स्वच्छ राहा. त्या ऐकणाऱ्यांनी ते तत्काळ अमलात आणले. एवढ्या मोठ्या लढ्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या पुरुषाला निऱ्यांच्या लांबीचा विचार करावासा वाटला, कारण ती लांबी दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलेली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या एका पत्राचे नाव 'समता' होते. आपले माप आपण घेणे हा ज्यांना चैनीचा प्रकार वाटतो, त्यांच्या आज्यांची मापे बहुधा कोणी बळजबरीने ठरवली नसावीत. छत्तीसगडात गुरू घासीदासांच्या सतनामी अनुयायांनी पांढरे वस्त्र आणि जैतखांबावरचा पांढरा झेंडा अंगीकारला, त्याकडेही मी तेव्हापासून निराळ्या दृष्टीने पाहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी इतवारीतून कापड घेऊन मावशीकडे गेले. तिला आता अंधूक दिसते. मी शिवण शिकते आहे हे ऐकून तिने माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली आणि तळातून एक खणाची चोळी माझ्या हातात दिली. लग्नातली, काठ विरलेला, रंग उडालेला. मी ती उलटी करून उजेडाकडे धरली. कुशीच्या शिवणीला समांतर अशा तीन जुन्या टिपांच्या रेघा दिसत होत्या, सुईची बारीक छिद्रे अजून बुजलेली नव्हती. पहिली रेघ लग्नाची, दुसरी थोरल्याच्या वेळची, तिसरी तिला आठवेना. अखेरच्या टिपेपलीकडेही पाऊण बोट कापड शिल्लक होते.

"आता तुझी दाखव," ती म्हणाली. मी अंगावरचा झंपर बदलून तो तिच्या हाती दिला. तिने त्याचा गळा पाहिला नाही, बाही पाहिली नाही, रंगही विचारला नाही. चोळामोळा केल्यासारखा तो उलटा केला, शिवणीच्या आत अंगठा आणि तर्जनी घातली, आणि कापडाच्या कडेपर्यंत हळूहळू सरकवत नेली.

"किती माया ठेवलीस गं?"

"दोन बोटं, मावशी."

तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिले, माझ्या बोटांनी नव्हे, आपल्या बोटांनी, आणि मग झंपर सुलटा करून, घडी घालून, माझ्या मांडीवर ठेवला.